अण्णांची मर्सिडीज, पिवळे शॉकअप आणि शेडातली चाकं

पत्र थोडक्यात: यावल तालुक्यातल्या एका केळी बागायतदाराने लिहिलं आहे. वय ४७. घरी १९९६ ची पांढरी मर्सिडीज ई २२० आहे. एका वर्षी केळीने चांगला हात दिला तेव्हा वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ती मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून जुनी घेतली. अण्णा आता ७६ वर्षांचे, कंबरेचं दुखणं आहे. मागच्या सीटवर बसून भुसावळला डॉक्टरकडे जायचे. पण गेल्या पावसाळ्यापासून "आता या गाडीत बसवत नाही रे" म्हणतात आणि शेतावरच्या बोलेरोत बसून जातात. गाडी वर्षाला दोन-अडीच हजार किलोमीटरच चालते, नीट ठेवलेली आहे, मागच्या अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) १७ इंची अलॉय आणि नवे टायरही घातले, मूळ चाकं शेडात पडून आहेत. जळगावचा गॅरेजवाला म्हणतो शॉकअप गेले, चारही भरून देतो. पुण्याचे मेहुणे म्हणतात जर्मनीचे पिवळे बिल्स्टीन बी ६ मागव, आयुष्यभराचं काम. दिल्लीचा पार्टवाला कंपनीचा सीलबंद जुना स्टॉक दाखवतो. सर्व्हिस सेंटरने सांगितलेला आकडा लाखाच्या पुढे गेला. पत्रलेखक विचारतात: "सगळ्यात चांगले कुठले? पैशाचं बघू. येत्या अखाजीला बहिणी माहेरी येतील, तेव्हा अण्णांना त्याच गाडीतून मनुदेवीला न्यायचंय. त्यांना आधी सांगणार नाही."

भाऊ,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा शॉकअपसाठी, दुसऱ्यांदा अण्णांसाठी. दुसऱ्या वेळी दोन जागी अडलो. अण्णा बोलेरोत बसून जातात, ही एक जागा. मागच्या अखाजीला १७ इंची अलॉय घातले, ही दुसरी. दोन्ही गोष्टी तुम्ही जाता जाता लिहिल्यात आणि चार जणांच्या चार सल्ल्यांना मात्र दीड पान दिलंय. माझं लक्ष त्या जाता जाता लिहिलेल्याकडेच गेलं.

आधी बोलेरोचं बघू. बोलेरो मागे पाट्यांवर चालणारी गाडी. शेतात, मालाला, लग्नाच्या वऱ्हाडाला तिला तोड नाही, पण मऊपणासाठी तिचं नाव कोणी घेत नाही. कंबर दुखणारा माणूस मर्सिडीज सोडून बोलेरोत बसतो, तेव्हा भानगड नुसत्या धक्क्यांची नसणार. बोलेरोत चढायला त्रास होतो, पण एकदा चढलं की माणूस खुर्चीवर बसल्यासारखा ताठ बसतो आणि उतरताना पाय सरळ खाली सोडतो. मर्सिडीजच्या मागच्या सीटवर खाली वाकून, मान काढून घेऊन बसायचं. बसल्यावर गुडघे कमरेच्या वर येतात आणि उतरताना दोन हातांनी स्वतःला उपसून काढावं लागतं. त्यातून तुमची गाडी तीस वर्षांची. मागच्या सीटमधल्या स्प्रिंगा आणि त्यांच्यावरचा पॅड बसला असेल, तर अण्णा पहिल्यापेक्षा आणखी खोल बसत असतील.

म्हणून पहिली विनंती ही की गुपित राखू नका, त्यांना विचारा. "बसवत नाही" म्हणजे नेमकं काय होतं? बसताना दुखतं, गाडी चालताना दुखतं, की उतरताना? तुम्ही ते वाक्य गाडीचं दुःख म्हणून ऐकलंत. अण्णा कदाचित अगदी साधं, शब्दाला शब्द तेच सांगत असतील. उतरतानाच दुखत असेल तर जर्मनीहून आणलेल्या कुठल्याच शॉकअपचा उपयोग नाही. त्यावर जळगावात सीटचं काम करणाऱ्याकडून मागचा पॅड नव्याने भरून घेणं, थोडा उंच आणि घट्ट, हा उपाय आहे, आणि तो शॉकअपच्या मानाने फार स्वस्त आहे. किंवा अण्णांना पुढे बसवा, सीट मागे सरकवून. मोठ्या गाडीत मोठ्या माणसाने मागेच बसायचं, हा आपल्याकडचा रिवाज आहे, कंबरेला तो माहीत नसतो.

आता चाकं. तुमच्या गाडीचं मूळ माप १९५/६५ आर १५. म्हणजे टायरची रुंदी १९५ मिलिमीटर आणि रिमपासून रस्त्यापर्यंतची रबराची उंची तिच्या ६५ टक्के, साधारण १२७ मिलिमीटर. १७ इंचीत या गाडीला बहुधा २२५/४५ घालतात. त्याची उंची भरते १०१ मिलिमीटर. बाहेरून चाकाचा घेर जवळपास तोच राहतो, स्पीडोमीटर बिघडत नाही, म्हणून दुकानदार म्हणतो "साहेब, काही फरक नाही". फरक आहे. खड्ड्याचा पहिला मार जे रबर आणि जी हवा खाते, त्यातली अडीच सेंटीमीटर तुम्ही काढून तिथे लोखंड नाहीतर ॲल्युमिनियम बसवलंत. वर टायरवाल्याने सवयीने ३५-४० पीएसआय हवा मारली असेल तर टायर दगडच झाला. या गाडीला किती हवा लागते ते पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला स्टिकरवर लिहिलेलं असतं. तीस वर्षांत ते वाचणारे मला मोजकेच भेटले.

आणि तारखा जुळवा. अलॉय अखाजीला घातले, अण्णांची तक्रार पावसाळ्यापासून. नव्या चाकांवर पहिल्या पावसाचे खड्डे आले आणि अण्णा बोलेरोत गेले. शॉकअप काही एका पावसात मरत नाहीत. ते हळूहळू मरतात, इतके हळू की रोज चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. तुमचे शॉकअप चांगले आहेत असं मी म्हणत नाहीये. तीस वर्षांच्या गाडीत ते मूळचेच असतील तर त्यांचा जीव गेलाच असेल. पण अण्णांना बोलेरोत ढकललं ते त्यांनी नव्हे, असा माझा कयास आहे.

शॉकअप नेमकं काय करतो, हे एकदा नीट सांगतो, कारण चारही सल्ले तिथेच घसरलेत. गाडीचं वजन स्प्रिंग उचलते. धक्काही आधी टायर आणि स्प्रिंगच घेते. अखाजीचा झोका आठवा. एकदा ढकलला की तो आपला आपण वर-खाली जात राहतो, थांबायला वेळ घेतो. स्प्रिंगही तसंच करते. त्या झोक्याला हात लावून दोन हेलकाव्यांत शांत करणारा, तो शॉकअप. आत तेल असतं, ते बारीक भोकांतून आणि झडपांतून ढकललं जातं, हेलकाव्याची ताकद तेलात उष्णता होऊन जाते. हात ढिला पडला तर गाडी डुलत राहते. हात फार घट्ट असला तर झोका हलतच नाही आणि रस्त्यावरचा प्रत्येक खडा थेट बसणाऱ्याच्या मणक्यात जातो. म्हणजे "सगळ्यात चांगला शॉकअप" अशी वस्तू बाजारात नाही. या स्प्रिंगेला, या वजनाला, या रस्त्याला आणि मागे बसणाऱ्या या माणसाला बेताचा, एवढंच असतं.

तेव्हा तुमची गाडी डुलते की आदळते, हे आधी वेगळं करा. आपल्याकडे दोन्ही तऱ्हेचे रस्ते फुकट उपलब्ध आहेत. काळ्या मातीवर बांधलेला रस्ता पावसात फुगतो, उन्हाळ्यात भेगाळतो, आणि काही वर्षांत डांबर वरून धड दिसूनही लाटा येतात. केळीचे ट्रक त्या लाटा आणखी खोल करतात. अशा पट्ट्यावर ६०-७० च्या वेगाने जा. लाट ओलांडल्यावर गाडी एकदा बसून स्थिर झाली तर शॉकअपमध्ये जीव आहे. दोनदा-तीनदा होडीसारखी वर-खाली झाली, ब्रेक मारल्यावर नाक खाली घालू लागली, तर शॉकअप गेले. मग तापीच्या पुलावर जा. पुलाच्या प्रत्येक सांध्यावर 'धप्' असा मऊ आवाज आला तर ठीक. 'टक्' किंवा 'खट्' असा कोरडा ठोका आला, तर तो टायरचा, सांध्यांतल्या रबरी बुशांचा किंवा शॉकअपच्या वरच्या माउंटिंगचा दोष. त्यावर नवे कडक शॉकअप घातले तर ठोका वाढेल.

ही चाचणी करताना तुम्ही मागे बसा, अण्णांच्या जागेवर, आणि गाडी मुलाला चालवू द्या. गाडीचा मालक सहसा मागे बसत नाही, म्हणून त्याला मागचं दुखणं कळत नाही.

बोनेट दाबून सोडायची आणि गाडी किती वेळा उडते ते मोजायचं, ही परीक्षा सगळे करतात. तिने पार मेलेला शॉकअप ओळखता येतो, अर्धमेला नाही. त्यापेक्षा टायरवर तळहात फिरवा. गोटे गेल्यासारखे उंच-सखल चट्टे लागले तर चाक रस्त्यावर उड्या मारत चालतंय, असं समजा. शॉकअपच्या नळ्यावर तेलाचा पुसट ओलसरपणा चालतो. ओघळ आणि त्यावर धुळीचा चिकट थर दिसला तर सील गेलं.

मग गाडी रॅम्पवर घ्या आणि गॅरेजवाल्याला सांगा, शॉकअपचं नंतर, आधी रबर दाखव. ही गाडी कंपनीने १९८४ मध्ये बाहेर आणली, आपल्या पुण्यात ती १९९५ पासून जोडली जाऊ लागली, आणि भारतात जोडलेली पहिली मर्सिडीज कार हीच. तिच्या मागच्या प्रत्येक चाकाला पाच-पाच दांडे धरून ठेवतात. दोन्ही बाजूंचे मिळून दहा, आणि त्यांच्या टोकांना रबराचे बुश. शिवाय मागचा अख्खा सांगाडा चार मोठ्या रबरी माउंटिंगवर बॉडीला टांगलेला. ही गाडी गालिच्यासारखी चालायची ती त्या रबरांमुळे. भुसावळ-जळगावचा मे महिना ४५ अंशांच्या वर जातो. त्या उन्हात तीस उन्हाळे काढलेलं रबर एकतर कडक होतं नाहीतर भेगाळतं. गाडी कमी चालली म्हणून ते वाचत नाही, उलट उभ्या गाडीचं रबर लवकर म्हातारं होतं. लोखंडी सळईने हलवून पाहिलं तर कुठला दांडा खेळतो ते दहा मिनिटांत कळतं. पुढच्या लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या हाताचे, बुश, बॉल जॉइंट आणि शॉकअपचं वरचं माउंटिंग यांचीही तीच परीक्षा.

एवढं झाल्यावर शॉकअप. तुमचे चारही सल्लागार एकेक करून घेतो.

जळगावच्या गॅरेजवाल्याचं "भरून देतो". यात लबाडी नाही, जुनी सवय आहे. ॲम्बॅसेडरला पुढे लिव्हरचे शॉकअप असायचे, त्यांत तेल भरायची सोयच होती, आणि आपले कितीतरी मिस्त्री त्या गाडीवर हात बसवून शिकले. पण तुमच्या गाडीचे शॉकअप बंद नळीचे, गॅसचे आहेत. भरायचं म्हणजे नळीला भोक पाडायचं किंवा ती कापायची, मिळेल ते तेल ओतायचं आणि वेल्डिंग मारायचं. गॅस उडाला तो उडाला. घासलेल्या दांड्यावर नवं सील बसवलं तरी ते काही महिन्यांत पुन्हा गळतं. हेही एक वेळ चाललं असतं. पण तुमच्या गाडीत पुढची स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा आहे, आणि त्या शॉकअपचा नळा खाली नकलला, म्हणजे चाक धरणाऱ्या लोखंडी भागाला, बोल्टने धरलेला असतो, वर बॉडीला. पुढचं चाक सरळ उभं राहतं ते त्याच्या आधाराने. तो नळा कापून, तापवून, जोडून त्याच्यावर घरच्यांना बसवायचं, हे मला पटत नाही. सिंगल ट्यूबच्या, म्हणजे एकाच नळीच्या, शॉकअपमध्ये नायट्रोजनचा दाब वीसेक बार किंवा त्याहूनही जास्त असतो, टायरमधल्या हवेच्या दहापट. त्याला भोक पाडणाऱ्या मिस्त्रीची मला जास्त काळजी वाटते. हा सल्ला सोडून द्या. मिस्त्रीला सोडू नका. रबराच्या कामाला तोच लागणार आहे.

दिल्लीचा सीलबंद जुना स्टॉक. कश्मीरी गेटला सगळं मिळतं, खरं-खोटं एकाच गल्लीत. समजा डबा खरा आहे. तरी वीस वर्षं गोदामात पडलेल्या शॉकअपचं सीलही वीस वर्षांचं असतं. डब्यावर कंपनीचा छाप आहे म्हणून आतलं रबर तरुण राहत नाही. गाडीतून काढलेले इम्पोर्टेड जुने शॉकअप कुर्ल्यात मिळतात, त्यांचंही तेच. आरसा, हँडल, दिवा जुना घ्या, खुशाल घ्या. शॉकअप, रबर आणि ब्रेकचा सामान जुना घेऊ नका.

मेहुण्यांचे पिवळे. बिल्स्टीन हे नाव मोठं आहे, त्याबद्दल वाद नाही. १९५७ पासून ते मर्सिडीजला गॅसचे शॉकअप देत आले. पण त्यांच्यातच दोन वाटा आहेत. बी ४ हा मूळ गाडीसारखा, बदली म्हणून बसवायचा. बी ६ मुद्दाम कडक केलेला, घाटात वेगाने वळणं घेणाऱ्यासाठी. मेहुणे पुण्याहून महाबळेश्वरला स्वतः चालवत जात असतील, तर त्यांचा सल्ला त्यांच्यासाठी अगदी बरोबर आहे. ते पुढे बसतात, स्टिअरिंग धरून, वय चाळीस-पंचेचाळीस. अण्णा मागे बसतात. आधीच रबर कमी केलेल्या १७ इंची चाकांवर बी ६ बसवले तर शेताकडच्या रस्त्यावर अण्णांना बरडावरून बैलांच्या दमणीत चालल्यासारखं वाटेल. दमणीत निदान खाली कडबा आणि गोधडी असायची.

हे पाप मी स्वतः केलंय, म्हणून ठासून सांगतो. गॅरेज चालवत होतो तेव्हा धुळ्याच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या जुन्या मोठ्या गाडीला मी उत्साहाने सगळ्यात महागडे, कडक शॉकअप घातले. मी चालवून पाहिली, गाडी वळणात रुळावर चालल्यासारखी. खूश झालो. आठ दिवसांत ते परत आले. त्यांच्या आई म्हणाल्या होत्या, "या गाडीला काय झालं, आधी बरी होती." मी त्या गाडीत मागे बसून कधी बघितलंच नव्हतं. शॉकअप माझ्या खर्चाने बदलून दिले. काढलेले कडक शॉकअप पुढे दोन वर्षं माझ्या दुकानात टांगलेले होते.

सर्व्हिस सेंटरचा आकडा. त्यांनी सुचवलेला माल बरोबरच असतो, आणि किंमत तुम्ही वाचलीच आहे. मात्र गाड्यांच्या कंपन्या शॉकअप स्वतः बनवत नाहीत, बनवून घेतात. मर्सिडीजसाठी हे काम बिल्स्टीन, साक्स, बोगे अशा घरांनी केलेलं आहे. साक्स आणि बोगे ही आता झेडएफ या गटाची नावं आहेत. त्याच घरांचा बदली माल त्यांच्या स्वतःच्या डब्यात पुष्कळ कमी पैशात मिळतो. माझा कौल त्यालाच: साक्सचा साधा किंवा बिल्स्टीनचा बी ४, तुमच्या मॉडेलला लिहून दिलेला, नवा. दोन्हींत निवड करायची तर जो तुम्हाला बिलासह आणि परत करायच्या बोलीवर मिळेल तो घ्या. कोनीचे घट्ट-सैल करता येणारे शॉकअपही लोक सुचवतील. ज्याला स्वतः खटपट करायची हौस आहे त्याने ते घ्यावेत, तुम्हाला गरज नाही.

ऑर्डर करण्याआधी चासी नंबर द्या, नुसतं "९६ ची ई क्लास" म्हणू नका. एकाच अंगाच्या गाडीत साध्या आणि स्पोर्ट स्प्रिंगांना वेगळे शॉकअप लागतात. जमल्यास एक जुना उतरवून त्याच्यावरचा, ए ने सुरू होणारा नंबर वाचून घ्या. पार्टवाल्याच्या आठवणीपेक्षा तो भरवशाचा. आणि डिकीखाली एकदा वाकून पाहा. काही गाड्यांना मागे आपोआप उंची सांभाळणारी हायड्रॉलिक यंत्रणा असते, गॅसचे गोळे आणि तेलाच्या नळ्या दिसतात. तशी असेल तर तिथे साधा शॉकअप बसत नाही आणि मागच्या मऊपणाचं गणित त्या गोळ्यांवर असतं.

बदलायचे तर जोडीने, एका धुरीचे दोन्ही. तुमच्या गाडीला चारही बदला, कारण वय सारखंच आहे. सोबत वरची माउंटिंग, शॉकअप पूर्ण दाबला की ठोका अडवणारा बंप स्टॉप आणि धूळ अडवायची रबरी टोपी नवीच. नवा शॉकअप जुन्या माउंटिंगवर बसवणं म्हणजे नव्या जोड्यात फाटका मोजा, दोन महिन्यांत तेच काम पुन्हा. गाडी मागून बसलेली दिसत असेल तर स्प्रिंग आणि बॉडीच्या मधे एक रबरी पॅड असतो तोही पाहा. या गाडीला ते वेगवेगळ्या जाडीचे येतात, जाडी पॅडवरच्या टेंगळांवरून ओळखतात. उंची वाढवायला म्हणून स्प्रिंगेत रबरी गोळे अडकवायचं खूळ आपल्याकडे आहे, ते करू नका.

बसवताना तीन गोष्टी मिस्त्रीसमोर उभं राहून करून घ्या. पुढचा शॉकअप उतरवण्याआधी लोअर आर्मखाली जॅकचा भक्कम आधार, कारण शॉकअप निघाला की स्प्रिंग आर्मला खाली ढकलायला मोकळी होते. हात जाईल इतकी ताकद असते तिच्यात. दुसरं, डबल ट्यूबचा, म्हणजे नळीत नळी असलेला, नवा शॉकअप डब्यात आडवा झोपून आलेला असतो, त्याला उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ओढून मगच बसवायचा, नाहीतर आतली हवा चुकीच्या कप्प्यात राहते आणि पहिल्याच दिवशी "नवाच खराब आहे" अशी बोंब होते. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त चुकणारं: दांड्यांच्या रबरी बुशांचे बोल्ट शेवटचे घट्ट आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. रॅम्पवर चाकं लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं, गाडी अवघडल्यासारखी चालते आणि नवे बुश वर्षात फाटतात. शॉकअपचा दांडा पक्कडीने धरू देऊ नका, त्याच्या गुळगुळीत अंगावर ओरखडा आला की सील गेलंच. काम झालं की अलाइनमेंट, तीही त्याच चाकांवर जी पुढे ठेवायची आहेत.

या निमित्ताने दुसऱ्या वाचकांसाठी थोडं. हवेवर चालणाऱ्या, म्हणजे एअर सस्पेन्शनच्या जुन्या एस क्लास आता आपल्याकडे स्वस्तात येतात, आणि सकाळी त्या जमिनीला टेकलेल्या सापडल्या की मालक घाबरतो. तिथे लगेच हवेचे फुगे काढून साध्या स्प्रिंगा घालायचा सल्ला मिळतो. आधी गळती शोधा. लहानशी गळती महिनोन् महिने तशीच ठेवली की कॉम्प्रेसर अखंड चालून जळतो आणि छोटं काम मोठं होतं. साध्या स्प्रिंगा घालणं हा मार्ग आहे, पण मग डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे दिवे आणि बदललेली चाल दोन्ही सोसायची तयारी ठेवा. आणि ज्यांच्या शॉकअपला विजेची तार जाते, त्यांनी बिनतारेचा स्वस्त शॉकअप घालण्याआधी गाडीचा कॉम्प्युटर काय म्हणेल ते विचारून घ्यावं.

तुमच्याकडे परत. गाडी १९९६ ची म्हणजे पंधरा वर्षं २०११ ला झाली, त्यानंतर दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आणि ग्रीन टॅक्स. २०११, १६, २१ धरले तर पुढची तारीख २०२६. आरसी काढून बघा. काम करायचंच आहे तर ते पासिंगच्या आधी झालेलं बरं.

क्रम असा धरा. या आठवड्यात अण्णांशी बोलणं आणि चाकं. त्यात टायर सोडले तर पैसे जवळपास नाहीत. पंधरा इंचीवर १९५/६५ चे टायर घाला, शेडातल्या चाकांवरचे जुने टायर नकोत. टायरच्या कडेला चार आकडी तारीख असते, २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी इतकं जुनं रबर उन्हात लाकूड झालेलं असतं. मग अण्णांना मागे बसवून भुसावळची एक फेरी मारा आणि काही विचारू नका, ते आपणहून काय म्हणतात ते ऐका. त्यानंतर रॅम्प, रबर, आणि शेवटी शॉकअप. बाहेरून मागवायला काही आठवडे लागतात, अखाजीला अजून वेळ आहे. पण एकदम सगळं बदलू नका, नाहीतर कशाने बरं वाटलं हे तुम्हालाही कळणार नाही आणि मला पुढच्या पत्रात सांगताही येणार नाही.

मनुदेवीचा शेवटचा रस्ता तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तिथे कुठलाही शॉकअप असला तरी वेग वीसच्या वर नेऊ नका, आणि बहिणी तिघी मागे बसणार असतील तर अण्णांना पुढे घ्या.

आता उठून शेडात जा. केळीच्या क्रेटखाली चारही रिम सापडल्या आणि वाकलेल्या नसल्या तर उत्तम. एखादी हरवली असेल तर डिकीतलं स्पेअर चाक काढून बघा, अलॉय घालताना ते बदलायचं बहुतेक जण विसरतात. १७ इंची अलॉय विकायची घाई नको. मेहुण्यांना विचारा, त्यांना कदाचित हवेच असतील.